माझ्याकडे छळाची गोष्ट नाही



मी इस्लाम मानत नाही. दुसराही कुठला धर्म मानत नाही. हे कळलं की आपल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय झालं होतं गं?" आवाज एकदम खाली येतो, चेहऱ्यावर सहानुभूती जमा होते. वडील मारायचे का? शाळेतून काढलं का? बुरखा घालायला लावायचे का? मी नाही, नाही, नाही म्हणत जाते आणि समोरच्याची जी निराशा होते ती बघण्यासारखी असते. काहीच हाती लागत नाही म्हटल्यावर एका बाईंनी तर मला धीर दिला होता, "असू दे, बोलावंसं वाटेल तेव्हा बोल."

तर मंडळी, एकदाच लेखी सांगून टाकते. माझ्याकडे छळाची गोष्ट नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांची मी चेष्टा करत नाही. अशा बायका मला माहीत आहेत आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. डॉ. श्रीराम लागू जाहीरपणे म्हणाले की देवाला आता निवृत्त करा. लहानपणी त्यांना कुठल्या भटजींनी छळलं होतं, असं त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आगरकर देवाधर्माबद्दल शंका घ्यायला लागले ते मिल आणि स्पेन्सर वाचून, असं आपण सगळेच शिकलो. म्हणजे हिंदू घरातला माणूस देव सोडतो तो विचार करून आणि मुसलमान घरातली बाई सोडते ती मार खाऊन. त्याला डोकं असतं, मला फक्त जखमा. जे लोक स्वतःला पुरोगामी म्हणवतात त्यांच्याही हे लक्षात येऊ नये?

(याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!" माझं गाव खेड तालुक्यात आहे हो. मराठी छान नसायला काय झालं?)

छळ नाही, मग काय होतं ते सांगते. अब्बा जहाजावर होते, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. जग बघितलेला माणूस. मुलीला शिकवायचं हे त्यांनी मी पहिलीत असतानाच ठरवून टाकलं होतं. 1989 साली मला फार्मसी करायला पुण्याला ठेवलं, तेव्हा गावातल्या काही वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. अब्बांनी त्यांना सांगितलं की फी तुम्ही भरताय का? तेवढ्यावर विषय संपला. घरात खरा धर्म होता तो दादीचा. गुरुवारी ऊद जाळून फातिहा, घरात काही चांगलं झालं की नियाज, वर्षातून एकदा उरूस आणि मौलूद ऐकताना डोळ्यांना पदर. एका अरबी शब्दाचा अर्थ तिला येत नव्हता. पाचही नमाज मात्र चुकले नाहीत.

हा धर्म घेऊन मी 1997 साली नवऱ्याबरोबर न्यू जर्सीत आले. मुलगी सहा वर्षांची झाल्यावर तिला मशिदीतल्या रविवारच्या शाळेत घातलं, जसं तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना बालविहारात घातलं असेल. इथल्या मशिदीत इजिप्तचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे, हैदराबादचे सगळे एकत्र. कुणाच्याच गावचा धर्म तिथे चालत नाही. चालतो तो पुस्तकातला, सगळ्यांच्या आजीआजोबांना वगळून उरलेला. मुलगी घरी येऊन सांगायला लागली की फातिहा बिदत आहे, उरूस बिदत आहे, मौलूद बिदत आहे. बिदत म्हणजे धर्मात मागाहून घुसडलेलं आणि म्हणून वाईट. म्हणजे दादीचं निम्मं आयुष्य गुन्ह्यात गेलं!

दादीची बाजू मांडायची म्हणून मी वाचायला लागले. आधी भाषांतरं, मग हदीसची, मग सुरुवातीच्या काळाचा इतिहास. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मशिदीतल्या शिक्षकांचं तर्कशास्त्र बरोबर होतं, दादीचा धर्म पुस्तकात नव्हताच. पण मग पुस्तकात जे होतं त्याचं काय करायचं? पुण्याच्या वसतिगृहातली माझी खोलीतली मैत्रीण, जिने मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर सांभाळलं, ती केवळ ईमान आणलं नाही म्हणून कायमची आगीत जाणार, हे मला कुठल्याही भाष्यकाराच्या मदतीने पटवून घेता येईना. शेवटचं आणि अपरिवर्तनीय म्हणायचं आणि प्रत्येक पंथाने आपापला अर्थ लावायचा, हेही पटेना. औषधं तपासण्यात ज्या बाईची हयात गेली, तिला पुराव्याची एक फूटपट्टी कामावर आणि दुसरी घरी, असं फार दिवस जमत नाही. याला आठ-दहा वर्षं लागली. 2009 नंतर मी रोजे ठेवले नाहीत. नवरा अजून शुक्रवारी मशिदीत जातो, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाडीतून मीच नेऊन सोडत होते. आमचं भांडण होतं ते थर्मोस्टॅटवरून.

यात काही विशेष नाही हेच मला म्हणायचं आहे. 2018 साली प्यू या संस्थेने अमेरिकेतल्या पाहण्यांवरून सांगितलं की मुसलमान म्हणून वाढलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा आता स्वतःला मुसलमान म्हणवत नाही, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कुठलाच धर्म मानत नाहीत. ख्रिश्चन घरांतलं गळतीचं प्रमाणही साधारण तेवढंच आहे. सांगायचा मुद्दा, आम्ही गर्दी आहोत. फक्त बोलत नाही. का बोलत नाही?

एक कारण अर्थातच आपल्याच माणसांची भीती, आणि ती पोकळ नाही. मार्च 2017 मध्ये कोइमतूरला फारूक नावाच्या तरुणाला ठार मारण्यात आलं. पेरियार यांच्या विचारांच्या संघटनेत काम करायचा, देव नाही म्हणायचा, एवढाच त्याचा अपराध. अटक झालेले मुसलमानच होते. दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात मारलं तेव्हा आपण इथे सभा घेतल्या, मेणबत्त्या लावल्या. फारूकसाठी आपल्यापैकी किती जणांनी काय केलं ते आपलं आपल्याला आठवून बघावं.

पण दुसरं कारण तुम्ही आहात. म्हणजे सगळे नाही. तरीही बोलते.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला होता, "इस्लामचं खरं स्वरूप, एका आतल्या व्यक्तीच्या तोंडून." मी म्हटलं, बोलते, पण धर्मचिकित्सा म्हणून बोलेन आणि सुरुवात 21 सप्टेंबर 1995 पासून करेन, ज्या दिवशी गणपती दूध प्यायला. देशात तर प्यायलाच, पण लंडनला साउथॉलमध्ये आणि इथे अमेरिकेतही प्यायला आणि चांगले शिकलेसवरलेले लोक चमचे घेऊन रांगेत उभे होते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग कळलं की हॉलची तारीख मिळत नाहीये. ती आजतागायत मिळालेली नाही. असो. याच मंडळींपैकी काही जण दर दोन दिवसांनी मला कुठल्या ना कुठल्या माजी मुस्लिमाचं भाषण पाठवतात, खाली हात जोडलेलं चित्र आणि "तुमच्यासारख्यांची गरज आहे". गरज कशासाठी आहे ते मला समजतं. शेजाऱ्याच्या घरातून कुणी बाहेर पडून घराची निंदा केली की ऐकायला बरं वाटतं. त्यानेच मागे वळून तुमच्या घराकडे बोट दाखवलं की तो उद्धट.

आणि याच्या बरोबर उलट आमचे डावे, समतावादी, संवेदनशील मित्र. त्यांचं म्हणणं, "तुझं बरोबर आहे गं, पण आत्ता नको. आत्ता वातावरण बघ काय आहे." वातावरण मला दिसतं. झुंडीने माणसं मारलेली मला दिसतात, घरांवर चाललेले बुलडोझर दिसतात. 27 जानेवारी 2017 ला इथल्या अध्यक्षांनी सात देशांतल्या लोकांना दारं बंद केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी जेएफके विमानतळावर फलक घेऊन उभ्या असलेल्यांत मी होते. फलक धरायला कलमा म्हणावा लागत नाही. माणसांच्या बाजूने उभं राहणं आणि त्यांच्या धर्मग्रंथाच्या बाजूने उभं राहणं, या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येतात. आमच्या मित्रांना येत नाहीत, कारण त्यांच्या लेखी मुसलमान म्हणजे आधी, मध्ये आणि शेवटी मुसलमानच. गंमत म्हणजे हे त्यांचं मत त्यांच्या विरोधकांशी शब्दशः जुळतं. शिवाय हे "आत्ता" कधी सरत नाही. 1966 मध्येही आत्ता नकोच होतं. 1985 मध्ये शाहबानोच्या वेळीही आत्ता नकोच होतं.

1966 म्हटल्यावर हमीद दलवाई आलेच. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. सात! आणि 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 3 मे 1977 ला गेले, वय 44. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं, आणि या एका गोष्टीवरून आमच्या कोकणात अजून वाद होतात. ते गेल्यानंतर त्यांचं काय झालं? त्यांचे दोन तुकडे करून वाटून घेतले गेले. एका गटाला मुस्लिम जातीयतेवर कोरडे ओढणारे दलवाई हवे असतात. हिंदूंमधल्या पुनरुज्जीवनवाद्यांवरही ते तितकंच सडेतोड लिहीत, हे पान फाडून टाकलेलं असतं. दुसऱ्या गटाला दलवाईंचं नाव जयंतीला पुरतं, त्यांच्या मागण्या नको असतात, कारण त्यांतली मुख्य मागणी समान नागरी कायद्याची आहे आणि तो शब्द आता दुसऱ्यांनी पळवला आहे. पळवला तर परत आणा ना! आपली वस्तू चोरीला गेली म्हणून ती आपली नव्हतीच असं कुणी म्हणतं का?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते. धर्म सोडणं ही माझ्या डोक्यातली गोष्ट आहे, ती मी सोडू शकते. भारताचा कायदा मला सोडत नाही.

हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कायद्याने हिंदूच राहतो आणि त्यात त्याचं काही बिघडत नाही. त्याची मुलगी मुलाइतकीच वारस असते. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेतही. मृत्युपत्र करून तो स्वकष्टाचं सगळं कुणालाही देऊ शकतो. मुसलमान घरात जन्मलेल्या नास्तिकाची गोष्ट वेगळी. 1937 च्या कायद्याने तिथे शरियत लागू. मृत्युपत्राची मुभा देणारी 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातली कलमं मुसलमानांना वगळून आहेत. सुन्नी शरियतप्रमाणे मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांश देता येतं, बाकीचं ठरलेल्या हिश्श्यांनी जातं.

माझं उदाहरण घ्या. 2006 साली पुण्यात एक फ्लॅट घेतला. माझ्या पगारातून, माझ्या नावावर. आईअब्बा आता नाहीत. नवरा आहे, एकुलती एक मुलगी आहे, गावी दोन भाऊ आहेत. मी उद्या गेले तर शरियतच्या हिशोबाने फ्लॅटचा चौथा हिस्सा नवऱ्याला, अर्धा मुलीला आणि उरलेला चौथा हिस्सा भावांना. मुलगी एकच आणि ती मुलगी आहे, म्हणून. मुलगा असता तर भावांना काही मिळालं नसतं. माझे भाऊ सज्जन आहेत, आम्हाला काही नको म्हणतात. पण हक्क भावांच्या सज्जनपणावर का अवलंबून असावा? आणि त्यांच्यानंतर पुतणे आहेत.

मी पुण्यातल्या एका वकीलबाईंना विचारलं, "अहो, पण मी मुसलमानच नाही." त्या म्हणाल्या, "हे तुम्ही आज सांगताय. प्रश्न निघेल तेव्हा तुम्ही सांगायला नसाल. तेव्हा तुमचं नाव बघतील, तुमचा निकाहनामा बघतील." पर्याय विचारला तर म्हणाल्या, जिवंतपणी मुलीला बक्षीस द्या, म्हणजे हिबा. पण हिबात ताबाही सोडावा लागतो. म्हातारपणी पुण्यात राहायचं म्हणून घेतलेलं घर मी आजच सोडून देऊ?

हा माझा एकटीचा प्रश्न नाही. केरळात आलप्पुळाच्या सफिया पी. एम. यांनी नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या स्वतः धर्म सोडलेल्या, वडीलही न मानणारे. तरी वडिलांना इच्छा असूनही मुलीला एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. 2024 मध्ये न्यायालयाने याची दखल घेऊन सरकारला नोटीस काढली. धर्म न सोडताही मला हा पर्याय द्या, असं म्हणणाऱ्या एका मुसलमान गृहस्थांची याचिका 2025 मध्ये तिच्या जोडीला आली. मला ती जास्त आवडली. आणि कासरगोडचे सी. शुक्कूर यांनी त्याआधीच आपल्यापुरती वाट काढली होती. वकील आहेत, नटही आहेत, तीन मुलींचे बाप आहेत. आपल्यामागे मालमत्तेतला हिस्सा भावांकडे जाऊ नये म्हणून 8 मार्च 2023 ला त्यांनी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. या कायद्याखालच्या जोडप्याला, दोघंही हिंदू वगैरे नसतील तर, 1925 चा वारसा कायदा लागू होतो. लोक हसले, फतव्यासारखी पत्रकं निघाली. माणूस मात्र हुशार.

कुणी म्हणेल, मुसलमान समाजाला हे झेपणार नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या खाली सिंधुदुर्ग आणि त्याच्याखाली गोवा. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी समान वारस आहेत, मुसलमानांतही. तिथले मुसलमान बुडाले नाहीत. (हा कायदाही सोवळा नाही. त्यात हिंदू पुरुषाला ठरावीक वयापर्यंत बायकोपासून मुलगा झाला नाही तर दुसरं लग्न करण्याची सवलत कागदावर आहे. ती कुणी वापरत नाही, पण "चार बायका" म्हणून मला चिडवणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.) उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी कायदा लागू झाला. त्यातल्या समान वारसाहक्काचं मी मोकळेपणाने स्वागत करते. तो कुणी आणला याच्याशी माझ्या मुलीला देणंघेणं नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद करावी, नाही तर तुरुंग, या कलमाचं मात्र स्वागत करता येत नाही, आणि ज्यांना ते चालतं त्यांना बाईच्या हक्काशी काही करायचंय यावर माझा विश्वास नाही. तोंडी तलाकचंही तसंच. 22 ऑगस्ट 2017 चा निकाल उत्तम. 2019 च्या कायद्याने त्यासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. बायकोला नुसतंच टाकून देणाऱ्या इतर धर्मांतल्या नवऱ्यांसाठी अशी कैद कुठे आहे?

मग आपण, म्हणजे दरवर्षी फुले-आंबेडकर-दाभोलकरांच्या नावाने जमणाऱ्या लोकांनी, काय मागावं? मला वाटतं अगदी साधी गोष्ट. कुणाही प्रौढ भारतीयाला, तो धर्म मानो वा न मानो, एका घोषणापत्राने 1925 च्या कायद्याखाली येता आलं पाहिजे. यात कुणावर सक्ती नाही, कुणाची मशीद धोक्यात येत नाही, कुणाच्या प्रचाराला मसाला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयात हे म्हणणारे लोक उभे आहेत. त्यांच्या बाजूने आपल्या एकाही ठरावात एक ओळ नाही. काश्मीरपासून गाझापर्यंत सगळ्यावर ठराव आहेत, तेही असावेत.

आणि कृपा करून ईदला मला "अजून शिरखुर्मा करतेस?" असं विचारू नका. करते. तुमच्यातले पट्टीचे नास्तिक दहा दिवस मोदक हाणतात आणि त्याला संस्कृती म्हणतात, मी कधी हिशोब मागितलेला नाही. दादीची फातिहा मी म्हणत नाही, पण तिच्या आठवणीला गुरुवारी कधी ऊद जाळते. माझ्या घरात कशाचा वास यावा हे मी ठरवेन.

राहता राहिलं आमचं लग्न. नवऱ्याने कुरकुरत का होईना, हो म्हटलं आहे. त्याचं म्हणणं, "मी धर्म सोडलेला नाही." मी म्हटलं, तुला सोडायला कुणी सांगितलंय, मुलीसाठी सही कर. आधी तीस दिवस दोघांनी पुणे जिल्ह्यात राहायचं, मग अर्ज, मग हरकतींसाठी नोटिशीचे तीस दिवस. रजा जमवतो आहोत, बहुतेक जानेवारी आणि फेब्रुवारी. तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वसतिगृहातली मैत्रीण येणार आहे, थोरला भाऊ येतो म्हणाला आहे. त्या दिवसांत तुमच्यापैकी कुणी पुण्यात असेल तर कळवा.